अजमेरी दरवाज्याबाहेरची शाळा

नवी दिल्लीच्या रेल्वे स्थानकाला दोन तोंडे आहेत. एक पश्चिमेस पहाडगंजाकडे उघडते, दुसरे पूर्वेस अजमेरी दरवाज्याकडे. महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्याची पावले बहुधा पहाडगंजाकडे वळतात. तेथे बृहन्महाराष्ट्र भवन आहे, आणि दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी आपल्या मुलांसाठी उभारलेली नूतन मराठी शाळाही त्याच भागात आहे. घरापासून इतक्या दूर मराठी पाटी पाहिली म्हणजे मनाला बरे वाटते. परंतु स्थानकाच्या दुसऱ्या अंगास, हाकेच्या अंतरावर, आणखी एक शाळा आहे. तिचा इतिहास महाराष्ट्राच्या इतिहासात किती खोलवर गुंतलेला आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. ती म्हणजे अजमेरी दरवाज्याची अँग्लो-अरेबिक उच्च माध्यमिक शाळा.

या शाळेची वास्तू जवळजवळ सव्वातीनशे वर्षांची आहे. मोगल बादशाही, मराठ्यांचा दिल्लीवरील अंमल, कंपनी सरकार, सत्तावन्नचा उठाव, इंग्रजी साम्राज्य, फाळणी आणि स्वातंत्र्य एवढी सगळी स्थित्यंतरे तिने पाहिली. तिची दारे अनेक वेळा बंद झाली, आणि दर वेळी कोणी ना कोणी ती पुन्हा उघडली. एखादी शाळा कशाच्या बळावर जगते, या प्रश्नाचे उत्तर ज्याला हवे असेल त्याने तिची कथा अवश्य ऐकावी.

रामसेजचा सरदार

नाशिकजवळचा रामसेज किल्ला मराठी मुलांना शाळेच्या पुस्तकांतून परिचित असतो. १६८२ मध्ये औरंगजेबाने आपला एक नामांकित सरदार मोठ्या फौजेनिशी या लहानशा किल्ल्यावर पाठविला. मूठभर मराठ्यांनी त्यास दाद दिली नाही, आणि किल्ला पुढे कित्येक वर्षे झुंजत राहिला. रामसेजपुढे हात टेकावे लागलेला तो सरदार म्हणजे मीर शिहाबुद्दीन. पुढे त्यास गाजीउद्दीन खान फिरोजजंग असा किताब मिळाला. विजापूर व गोवळकोंडा येथील मोहिमांत त्याने नाव कमावले. दक्षिणेतच साथीच्या रोगाने त्याची दृष्टी गेली, तरी बादशहाने त्यास सेवेतून दूर केले नाही. १७१० मध्ये गुजरातचा सुभेदार असताना अहमदाबादेस तो मरण पावला.

हयातीतच, १६९० च्या दशकात, त्याने दिल्लीच्या तटाबाहेर, अजमेरी दरवाज्यासमोर, एक मदरसा बांधला. त्या काळचे श्रीमंत सरदार आपल्यासाठी मकबरा, त्याच्या शेजारी मशीद आणि तिला लागून विद्यालय असा एकत्र संच उभारीत. मनुष्य गेल्यावरही त्याच्या कबरीपाशी विद्येचा घोष चालू राहावा, अशी त्यामागची भावना असे. गाजीउद्दीनचा संच आजही जवळजवळ पूर्ण स्वरूपात उभा आहे. पूर्वेकडील भव्य दरवाज्यातून आत गेले म्हणजे प्रशस्त चौक लागतो. चौकाभोवती लाल दगडाच्या कमानींच्या दुमजली ओवऱ्या आहेत. पश्चिमेस तीन घुमटांची मशीद, आणि तिच्या दक्षिणेस नाजूक जाळीकामाच्या भिंतींआड संस्थापकाची कबर. पूर्वी ओवऱ्यांतील खोल्यांत विद्यार्थी राहत आणि शिकत.

या गाजीउद्दीनचा मुलगा म्हणजे हैदराबादच्या गादीचा संस्थापक, पहिला निजाम आसफजाह. १७२८ मध्ये पालखेड येथे ज्याला थोरल्या बाजीरावांनी कोंडीत पकडले तोच हा निजाम. त्याची कबर खुलताबादेस आहे. बाप दिल्लीत आणि मुलगा मराठवाड्यात असा हा योग आहे. त्यामुळे ही शाळा पाहताना आपण परक्या इतिहासात शिरलो असे मराठी माणसाला वाटण्याचे कारण नाही.

तटाबाहेरून तटाच्या आत

अठराव्या शतकात दिल्लीची दैना झाली. नादिरशहा आणि अब्दाली यांच्या स्वाऱ्यांनी शहर लुटले गेले. शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत बादशहा शाहआलमच्या नावाने दिल्लीचा कारभार महादजी शिंदे व त्यांच्यानंतर दौलतराव शिंदे यांच्या हाती होता. तिजोरी मात्र रिकामीच होती. १७९० च्या सुमारास पैशाअभावी मदरशाचे काम थंडावले.

१८०३ च्या सप्टेंबरात पटपडगंजच्या लढाईनंतर दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबर १८०४ मध्ये, यशवंतराव होळकरांच्या फौजेने शहरास वेढा घातला. तो वेढा अल्पकाळच टिकला, पण इंग्रजांना तटाचे कच्चे दुवे दिसून आले. अजमेरी दरवाज्याबाहेरची ही भक्कम वास्तू शत्रूला आयताच आडोसा देईल, अशी त्यांना धास्ती होती. शेवटी ती न पाडता तिच्याभोवती खंदक व बुरूज घालून ती शहराच्या संरक्षणरेषेत सामावून घेण्यात आली. मराठ्यांच्या तोफांच्या भीतीने का होईना, मदरसा तटाच्या आत आला.

दोन विद्यांची गाठ

१८१३ च्या सनदेने कंपनी सरकारवर हिंदी लोकांच्या शिक्षणासाठी दरसाल काही रक्कम खर्च करण्याचे बंधन आले. पुण्यात याच प्रवाहातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि दक्षिणेचा पैसा तिच्याकडे वळविण्यात आला. दिल्लीत १८२५ मध्ये गाजीउद्दीनच्या जुन्या मदरशात दिल्ली कॉलेज सुरू झाले. प्रारंभी तेथे अरबी, फारसी व संस्कृत शिकवीत. १८२८ मध्ये इंग्रजीचा वर्ग जोडण्यात आला, तेव्हा शहरातील हिंदू व मुसलमान या दोन्ही समाजांतील वडीलधाऱ्यांनी नापसंती दर्शविली. मुले धर्म सोडतील, ही भीती दोन्हीकडे सारखीच होती. तरीही मुले आली. त्या पहिल्या तुकडीतील मोहनलाल नावाचा काश्मिरी तरुण पुढे अलेक्झांडर बर्न्स यांच्याबरोबर बुखाऱ्यापर्यंत प्रवास करून आला.

१८२९ मध्ये अवधचे माजी वजीर नबाब इतिमादुद्दौला यांनी या संस्थेस १ लाख ७० हजार रुपयांची देणगी दिली. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. वाचकांनी ही देणगी ध्यानात ठेवावी. पुढे सरकार आले आणि गेले, इमारत हातची गेली आणि परत आली, परंतु एका गृहस्थाने विद्येसाठी बाजूस काढून ठेवलेला हा पैसा दोन पिढ्यांनंतरही मुलांच्या उपयोगी पडला.

दिल्ली कॉलेजचे खरे वैशिष्ट्य त्याच्या शिक्षणपद्धतीत होते. कलकत्त्यात नवे शास्त्र इंग्रजीतून शिकवीत. येथे मात्र बीजगणित, भूमिती, पदार्थविज्ञान, भूगोल हे विषय उर्दूतून, म्हणजे दिल्लीच्या घराघरांत बोलल्या जाणाऱ्या भाषेतून, शिकविण्यात येत. त्यासाठी पुस्तके हवी होती. म्हणून १८४० च्या दशकात प्राचार्य फेलिक्स बूत्रो यांच्या काळात एक भाषांतर मंडळ स्थापन झाले. बूत्रो जातीचे फ्रेंच होते. त्यांच्यामागून आलेले आलोइस श्प्रेंगर टायरोलचे होते. या दोघांच्या देखरेखीखाली गणित, विज्ञान, वैद्यक, कायदा, अर्थशास्त्र आणि इतिहास या विषयांवर शंभराहून अधिक पुस्तके उर्दूत आली.

भाषांतर मंडळाने घालून घेतलेले नियम आजही वाचनीय आहेत. ज्या कल्पनेस उर्दूत सरळ शब्द आहे तेथे तोच वापरावा. ज्या वस्तूस आपल्याकडे नावच नाही, उदाहरणार्थ सोडियम किंवा क्लोरीन, तिचे मूळ नाव तसेच ठेवावे. उगाच दुर्बोध शब्द घडवीत बसू नये. महाराष्ट्रातही त्याच सुमारास हाच उद्योग चालला होता. मुंबईत जॉर्ज जर्विस यांनी शास्त्र्यांच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली, आणि बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढून नवे ज्ञान लोकांच्या भाषेत पोहोचविण्याचा ध्यास घेतला. दिल्ली व मुंबई यांच्यामध्ये त्या वेळी आगगाडीही नव्हती. तरी दोन्ही ठिकाणच्या शिक्षकांना एकच प्रश्न पडला होता आणि त्यांनी उत्तरही एकच काढले होते.

पानिपतचा गणिती

या कॉलेजने घडविलेल्या माणसांत मास्टर रामचंद्र यांचे नाव अग्रभागी येते. त्यांचा जन्म १८२१ मध्ये पानिपतास झाला. पानिपत म्हटले की मराठी मनात १७६१ चा घाव उमटतो. त्याच मातीत साठ वर्षांनी जन्मलेला हा कायस्थ मुलगा कॉलेजात शिकला व तेथेच शिक्षक झाला. त्याने विज्ञान व समाजसुधारणा या विषयांवर उर्दू नियतकालिके चालविली. १८५० मध्ये त्याने कलकत्त्यास एक गणितग्रंथ स्वतःच्या खर्चाने छापविला. एखाद्या राशीचे महत्तम व लघुतम मूल्य शोधण्यास युरोपातील गणिती कलनशास्त्राचा आश्रय घेत. रामचंद्रांनी तेच प्रश्न केवळ बीजगणिताने सोडवून दाखविले, कारण बीजगणिताची परंपरा आपल्या लोकांच्या अंगवळणी पडलेली आहे असे त्यांचे मत होते.

कलकत्त्यात या पुस्तकाची थोडी टवाळीच झाली. परंतु त्याची प्रत लंडनचे थोर गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या हाती गेली. त्यांनी तिचे मोल ओळखले आणि १८५९ मध्ये स्वतःची प्रस्तावना जोडून ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध करविला. अजमेरी दरवाज्याच्या परंपरेत वाढलेला एक शिक्षक अशा रीतीने युरोपच्या विद्वत्सभेत जाऊन बसला.

रामचंद्रांच्या शिष्यांत झकाउल्ला होते. गणित व इतिहास यांवर त्यांनी उर्दूत विपुल लेखन केले. पुढे दीनबंधू सी. एफ. अँड्र्यूज यांनी त्यांचे चरित्र लिहिले. नजीर अहमद हे आणखी एक विद्यार्थी. बिजनोरकडून आलेला हा गरीब मुलगा दिल्लीच्या औरंगाबादी मशिदीत राहून, मोहल्ल्यातील घरांतून भाकरी मागून आणीत शिकत होता. पुण्यातील वारावर जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची आठवण येथे कोणास होणार नाही? तिसरे महंमद हुसेन आझाद, उर्दू काव्याचे इतिहासकार. त्यांनी सांगितलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. १८४० च्या सुमारास कॉलेजात फारसीच्या अध्यापकाची जागा निघाली आणि मिर्झा गालिब यांस भेटीस बोलावण्यात आले. मिर्झा पालखीतून आले व दारात साहेब सामोरे येण्याची वाट पाहत थांबले. साहेबांनी सांगितले, आपण दरबारात आलात तर मान मिळेल, आज आपण नोकरीसाठी आला आहात. मिर्झा म्हणाले, नोकरीने मान वाढावा म्हणून आलो होतो, असलेला घटणार असेल तर नमस्कार. आणि पालखी माघारी फिरली. पुढे ती जागा इमामबक्ष सहबाई यांना मिळाली.

१८४० च्या दशकातच कॉलेज काश्मिरी दरवाज्याजवळच्या दारा शुकोहच्या ग्रंथालयाच्या वास्तूत हलविण्यात आले. तीच ही इमारत, जिच्यात २०२३ मध्ये फाळणीचे संग्रहालय उघडण्यात आले.

सत्तावन्नचा आघात

११ मे १८५७ रोजी मीरतहून बंडवाले शिपाई दिल्लीत शिरले, तेव्हा कॉलेजचे वर्ग भरलेले होते. प्राचार्य टेलर यांना आझाद यांचे वडील मौलवी महंमद बाकर यांनी आश्रय दिला, पण ते वाचले नाहीत. ग्रंथालयावर जमाव पडला. इंग्रजी पुस्तकांची पाने बागेत विखुरली आणि अरबी-फारसी पोथ्या जुन्या बाजारात गेल्या. सप्टेंबरात इंग्रजांनी शहर परत घेतले, आणि त्यांचा सूड तितकाच आंधळा होता. मौलवी बाकर यांना देहान्त शिक्षा झाली. फारसीचे अध्यापक सहबाई यांना त्यांच्या मोहल्ल्यातील इतर अनेकांबरोबर यमुनाकाठी गोळ्या घालण्यात आल्या. ज्या संस्थेत पूर्व व पश्चिम एका बाकावर बसली होती, तिची माणसे दोन्ही बाजूंच्या क्रोधास बळी पडली.

१८६४ मध्ये कॉलेज पुन्हा उघडले. पण १८७७ मध्ये पंजाब सरकारने ते बंद करून वरचे शिक्षण लाहोरास केंद्रित केले. ग्रंथसंग्रहही तिकडे गेला. दिल्लीच्या नागरिकांनी पुष्कळ विनवण्या केल्या, त्यांचा उपयोग झाला नाही.

या ठिकाणी नबाबांची देणगी कामास आली. त्या निधीच्या उत्पन्नावर अँग्लो-अरेबिक शाळा उभी राहिली. ‘मुसद्दस’ या काव्याने प्रसिद्ध झालेले अल्ताफ हुसेन हाली या शाळेत अनेक वर्षे शिक्षक होते. सत्तावन्ननंतर गाजीउद्दीनची वास्तू सरकारने पोलिसांच्या वस्तीसाठी घेतली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती मोकळी झाली व शाळा आपल्या मूळ घरी परतली. पुढे १९२० च्या दशकात तिला जोडून इंटरमीडिएट कॉलेज निघाले आणि त्याचे पदवी महाविद्यालय झाले.

फाळणीच्या वाऱ्यात

१९४७ च्या भाद्रपद-आश्विनात दिल्लीने जे पाहिले ते शब्दांत सांगणे कठीण आहे. अजमेरी दरवाजा हा दंगलीच्या ऐन वाटेवरचा भाग. शाळा व महाविद्यालय दोन्ही बंद पडली. शिक्षक व विद्यार्थी यांपैकी अनेक जण पाकिस्तानात गेले, कित्येक निर्वासित छावण्यांत अडकले. मुसलमान मुलांसाठी म्हणून ओळखली जाणारी ही संस्था आता पुन्हा उघडेल, अशी आशा थोड्यांनाच होती.

ती उघडली. १९४८ मध्ये महाविद्यालयाने दिल्ली कॉलेज हे आपले जुने नाव पुन्हा धारण केले. डॉ. झाकिर हुसेन यांच्यासारख्या माणसांनी त्यासाठी आपले वजन खर्ची घातले, आणि मिर्झा महमूद बेग यांनी प्राचार्य म्हणून त्याची घडी बसविली. रावळपिंडीहून निर्वासित होऊन आलेले भीष्म साहनी येथे इंग्रजीचे अध्यापक झाले. फाळणीवरील ‘तमस’ या कादंबरीच्या लेखकाने, फाळणीने उजाड केलेल्या संस्थेतच आपली उमेदीची वर्षे शिकविण्यात घालवावीत, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. ज्याचे घर मुसलमान मोहल्ल्यातील दंगलीत गेले आणि ज्याचे घर हिंदू वस्तीतील दंगलीत गेले, असे दोघेही येथे एका फळ्यासमोर बसू शकले. १९७५ मध्ये या महाविद्यालयास झाकिर हुसेन यांचे नाव देण्यात आले, आणि १९८६ मध्ये ते तुर्कमान दरवाज्याजवळच्या नव्या इमारतीत गेले. जुन्या चौकात शाळा राहिली.

मोहल्ला आणि शाळा

या शाळेच्या भोवतीचा परिसर दिल्लीतील अत्यंत गजबजलेला आहे. एका बाजूस श्रद्धानंद मार्गावर नळ, पंप, यंत्रे व लोखंडी सामानाची दुकाने, थोडे पुढे हौज काजीचा चौक, त्यापलीकडे चावडी बाजारात कागद, लग्नपत्रिका व पितळी भांडी यांचा व्यापार. हातगाड्या, सायकलरिक्षा, हमाल यांची अखंड ये-जा. बल्लीमारान येथील गालिबची हवेली येथून पायी गाठता येते. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसे समोरासमोर आली म्हणजे एकाने अंग चोरावे. अशा ठिकाणी शाळेचा मोकळा चौक आणि तिचे मैदान ही सगळ्या वस्तीची फुप्फुसेच म्हणावयास हवीत. ज्या मुलाच्या घरी पाय पसरण्यास जागा नाही, त्याला येथे धावता येते.

या वस्तीतील घरे बहुतेक कारागिरांची, लहान दुकानदारांची, रोजीवर राबणाऱ्यांची. एकेकाळी शहरातील उमराव येथे मुले पाठवीत. ज्यांच्याजवळ पैसा आला ती कुटुंबे जुनी दिल्ली सोडून नव्या वसाहतींत गेली, त्यांची मुले खासगी इंग्रजी शाळांत गेली. जे राहिले त्यांचा आधार ही सरकारी साहाय्यावर चालणारी शाळा. तिच्या भिंती ऐतिहासिक आहेत, याचे त्या आईबापांना कौतुक असेलही. पण त्यांना खरी काळजी असते ती मुलाचे गणित सुधारेल काय, दहावी-बारावी नीट पार पडेल काय आणि पुढे त्यास कामधंदा मिळेल काय, याची. शाळेच्या मोठेपणाची कसोटी शेवटी येथेच लागते.

जपानात क्योतो शहराने १८६९ मध्ये, राष्ट्रीय शिक्षणाचा कायदा होण्यापूर्वीच, मोहल्ल्यामोहल्ल्यांतून ६४ प्राथमिक शाळा काढल्या. त्यांचा खर्च रहिवाशांनीच वर्गणीने उचलला. शाळा ही सरकारची आहे अशी तेथील लोकांची भावना नव्हती, ती आपल्या गल्लीची आहे अशी होती. अजमेरी दरवाज्याच्या शाळेची कथा पाहिली म्हणजे असे आढळून येते की सरदाराने वास्तू दिली, वजीराने पैसा दिला, सरकारने कधी हात दिला तर कधी काढून घेतला. परंतु बंद दारे पुन्हा उघडावीत म्हणून ज्यांनी अर्जविनंत्या केल्या ते याच शहराचे रहिवासी होते. दाता एकदाच देतो. शाळेला मात्र रोज कोणी तरी आपले म्हणावे लागते.

भाषेचा प्रश्न

दिल्ली कॉलेजची भाषांतराची परंपरा पुढे कोठे गेली, हे मराठी वाचकांनी मुद्दाम जाणून घ्यावे. या कॉलेजचा इतिहास ज्यांनी लिहिला ते मौलवी अब्दुल हक अनेक वर्षे औरंगाबादेत होते. हैदराबादेस १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले. तेथे वैद्यकापासून अभियांत्रिकीपर्यंत सर्व शिक्षण उर्दूतून देण्याचा प्रयोग झाला, आणि त्यासाठी भाषांतराचे मोठे खाते उभारण्यात आले. गाजीउद्दीनच्या मदरशात रुजलेली कल्पना गाजीउद्दीनच्याच वंशजांच्या राज्यात अशी फोफावली.

पण तिची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. दिल्लीच्या मुलाला उर्दू ही घरची भाषा होती. मराठवाड्याच्या मुलाला ती घरची नव्हती. नांदेड-परभणीच्या कित्येक पिढ्यांना १९४८ पर्यंत आपली मराठी बाजूस ठेवून उर्दूतून शिकावे लागले. जे तत्त्व एका ठिकाणी मुक्तीचे ठरले तेच दुसऱ्या ठिकाणी ओझे झाले, कारण तत्त्वाचा अर्थ सोडून केवळ त्याचे बाह्य रूप तेथे नेण्यात आले. मुलाला त्याच्या घरच्या भाषेतून उत्तमातील उत्तम ज्ञान द्यावे, हा दिल्ली कॉलेजचा धडा होता. तो धडा पहाडगंजातील मराठी शाळेलाही लागू आहे आणि महाराष्ट्रात एकामागून एक ओस पडणाऱ्या मराठी शाळांनाही. भाषा टिकावी म्हणून शाळा चालविणे पुरेसे नाही. त्या भाषेत शिकलेला मुलगा रामचंद्रांसारखा कोणापुढेही ताठ मानेने उभा राहिला पाहिजे.

मुलींचे पाऊल

या शाळेच्या इतिहासात एक मोठी उणीव होती, आणि तिची जाणीव तिच्याच माणसांना आधी झाली होती. नजीर अहमद यांनी १८६९ मध्ये ‘मिरातुल उरूस’ ही कादंबरी लिहिली ती मुलींनी वाचावी म्हणून. शिकलेली सून घर कसे सावरते, हा तिचा विषय. हाली यांनी १८७४ मध्ये ‘मजालिसुन्निसा’ हे स्त्रीशिक्षणावरील पुस्तक लिहिले. पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्येच मुलींची शाळा उघडली होती. परंतु ज्या दिल्लीच्या शाळेने नजीर अहमदांना घडविले आणि हालींना अध्यापक म्हणून ठेवून घेतले, तिच्या वर्गांत मुलींना जागा नव्हती.

ती २०१२ मध्ये झाली. तीन शतकांहून अधिक काळ केवळ मुलांसाठी असलेल्या या शाळेने त्या वर्षी मुलींना प्रवेश दिला. जुन्या दिल्लीतील मध्यम व गरीब घरांत आठवी-दहावीनंतर मुलीला दूर पाठविण्यास आईबाप कचरतात. बसचे भाडे, वाटेवरची असुरक्षितता, लोकांचे बोलणे ही सगळी कारणे पुढे येतात. शाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असली म्हणजे यांतील निम्मी कारणे आपोआप गळून पडतात. भाऊ जेथे जातो तेथे बहीण का नाही, हा प्रश्न विचारणे आता सोपे झाले. हालींच्या पुस्तकापासून या दिवसापर्यंत १३८ वर्षे लोटली. विचार पुस्तकातून वर्गात येण्यास केवढा काळ लागतो, याचे हे एक बोलके माप आहे.

जतन कशाचे?

जुन्या वास्तूत शाळा चालविणे सोपे नसते. लाल दगड झिजतो, कमानींना ओल धरते, छताची डागडुजी वारंवार करावी लागते. संग्रहालय केले तर वास्तू नीट राहील, असे काहींना वाटते. परंतु ज्या ओवऱ्यांत मुले पाढे म्हणतात, त्या ओवऱ्या जपण्याचे कारण प्रत्येक नव्या पिढीला आपोआप समजते. दिल्लीत मकबरे पुष्कळ आहेत. त्यांतील बहुतेकांत कबुतरांखेरीज कोणी राहत नाही. गाजीउद्दीनची कबर मात्र अशा चौकात आहे जेथे रोज सकाळी घंटा वाजते आणि शेकडो मुलेमुली दप्तरे सांभाळीत धावत येतात.

वास्तूची दुरुस्ती पुरातत्त्वाच्या जाणकारांनी करावी, पगार व अनुदान शासनाने वेळेवर द्यावे, हे योग्यच आहे. पण एवढ्याने शाळा जगत नाही. आपल्या गावात, आपल्या वस्तीत अशी एखादी जुनी शाळा असेल. तिच्या संस्थापकांचे तैलचित्र भिंतीवर असेल आणि खालच्या वर्गात पटसंख्या घटत असेल. तिच्या ग्रंथालयास एक कपाट देणे, गणितात मागे पडलेल्या मुलांना संध्याकाळी तासभर शिकविणे, शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलीच्या वडिलांशी दोन शब्द बोलणे, ही कामे कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहत नाहीत. नबाब इतिमादुद्दौलांनी लाखाने दिले. आपणांपैकी प्रत्येकास तेवढे देता येणार नाही. आठवड्यातून एक तास मात्र बहुतेकांना देता येईल, आणि शाळेच्या हिशेबात त्या तासाचे मोल लहान नाही.